बोटभर ढील

सोमवार, १४ ऑक्टोबर

तुटली! साखळी तुटली! अन् मी म्हणे ट्रॅक्टर शिकून राहिलो.

झालं असं. ट्रॅक्टरच्या मागं दोन दांड्या असतात, त्यांच्यावर माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर अडकवायचा. तो इकडंतिकडं झुलू नये म्हणून दोन्हीकडं एकेक साखळी. मधल्या नटाले फेरे दिले का साखळी आवळते. मी आवळली. पहार घालून आवळली. टिचकी मारली तर टणटण वाजली! उमरेडले तीस वर्षं हातमाग चालवला आहे मी. ताणा सैल राहिला तर कापड वाकडं येते, हे मले कोण शिकवणार?

मग लिव्हर ओढला, अवजार वर उचललं — धाडकन! उजवीकडची कडी उघडली अन् उडून कोंबड्यांच्या पाण्यात पडली. पुष्पलता कलथा घेऊन बाहेर. "झालं समाधान?" महिन्याआधी नागपूरहून हा जुना ट्रॅक्टर आणला, तेव्हापासून तिचं एकच — हे लोखंड मले दारात नको. आज तर सावनेरले भावाले फोनच लावला. देवाजी रविवारी येणार. त्याच्यासमोर मी वावरात ट्रॅक्टर सरळ रेघेत चालवून दाखवला तर ट्रॅक्टर राहील, नाही तर तो घेऊन जाईल. अन् मीही तावातावात हो म्हणून बसलो!

मंगळवार, १५

मेकॅनिक दुर्गेश नवी साखळी घेऊन आला. म्हणे, "काका, हा माग नोहे. अवजार उचललं का साखळी आपोआप ताणते. म्हणून वर उचलून पाहा — दोन्हीकडं सारखी, अन् बोटभर ढील ठेवा." ढील! मले ढील ठेवाले सांगते!

पुष्पलता चहा घेऊन आली अन् कप गार होईपर्यंत तिथंच उभी. मी म्हटलं, तुले काय समजते वं यातलं?

"मले काय समजते! मी आपली पोळ्या करते."

बुधवार, १६

उजवीले दोन फेरे. मग डावीले तीन. मग उजवीचे सोडले. आता कोणती किती, देवाले माहीत. वावरात नेला तर रोटाव्हेटर एका अंगाले सरकला, दुसऱ्या अंगाले चाकाची चाकोरी तशीच उघडी. कुत्रंसुद्धा पाहून निघून गेलं.

गुरुवार, १७

चमत्कार! दुपारी जेवून आडवा झालो. (मागाच्या खटखटीत झोपायची सवय, कानाशी तोफ डागली तरी माझी झोप मोडत नाही.) चारले उठून पाहतो तर दोन्ही साखळ्या सारख्या! बरोबर बोटभर ढील! फार विचार केला. उन्हानं लोखंड फुगलं असेल अन् आपसूक जागेवर आलं असेल, दुसरं काय! दोन्ही नटांले लाल सूत बांधलेलं होतं. घरट्यासाठी पाखरानं आणलं असेल. तोडून फेकलं.

मग मनाले राहवेना. अर्धाच फेरा दिला, फक्त अर्धा. पुन्हा वाकडं!!

पुष्पलताचे हात काळे. म्हणे, तवा घासला.

शनिवार, १९

देवाजीचा फोन. "भाऊजी, येताना ड्रायव्हर घेऊनच येऊ का?" हसत होता मेला.

जेवलो नाही. माग विकल्यावर दोन वर्षं नुसती अंगणात बसून काढली. तेव्हा कसं होतं — पुष्पलता सुताच्या कांड्या भरायची, मी मागावर धोटा फेकायचो, दिवसभर बोलायचं कामच पडत नव्हतं. आता बोलाले अख्खा दिवस आहे अन् आमचे नुसते खटके उडतात. ट्रॅक्टरही गेला तर मी करू काय? भीती वाटते मले. घ्या, लिहून टाकलं.

रविवार, २०

राहिला! ट्रॅक्टर राहिला!

देवाजी खरंच ड्रायव्हर घेऊन आला. पण तो यायच्या आधी मी झोपून उठलो तर साखळ्या पुन्हा सारख्या, पुन्हा तेच लाल सूत. या वेळी नटाले हात लावला नाही. दोन्ही हात खिशात घालून घेतले, न जाणो! वर बसलो, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांध ते बांध गेलो — एक रेघ! चाकोरी पार बुजली. देवाजी म्हणे, "मानलं भाऊजी तुमाले!" मी मिशीवरून हात फिरवला. पुष्पलतानं त्याले तर्री-पोहे वाढले अन् तोंडावर पदर घेतला. रडते का काय, वाटलं. हसत होती.

ते गेल्यावर सूत नीट पाहिलं. चपटी गाठ, टोकं दातानं तोडलेली. अशी गाठ पाखरू मारत नाही. तीस वर्षं मागावर धागा तुटला का पुष्पलता ह्याच गाठीनं जोडायची अन् माझं कापड पुढं सरकायचं. मी किती येडा आहे! डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो. पण तिले तर हे लोखंड दारात नको होतं ना? मग काहून? उद्या विचारतो.

सोमवार, २१

विचाराले उठलो. पुष्पलता नाही. चाबी नाही. ट्रॅक्टर नाही!

धावत वावरात. अर्धं वावर झालेलं, माझ्यापेक्षा सरळ. वर ती बसलेली, डोक्याले माझाच दुपट्टा. मी ओरडलो, "हे कधी शिकली वं?"

"दुपारी! तुमी घोरता ना, तवा! वर बसाले तुमी देत नव्हते, म्हणून नको होतं मले दारात! अवो, उभे काय राहिले? चहा आणा!"

घरी आलो. साखरेचा डबा कुठं असते?