गंगावन गुंफताना

सोलापूर, ९ जानेवारी १९७४

तीर्थरूप आईच्या पायावर अंजिराचं डोकं.

मी खुशाल हाय. थोडा खोकला हाय, पण कापसाच्या धुरळ्यानं तो हितं समद्यांनाच असतो. कुंडलिकदादा, आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नको.

आई, मागावरचे उभे धागे संपत आले, की त्यांना नवे जोडावे लागतात. मी दाव्याला मारतात तशा गाठी मारल्या. त्या मागाच्या फणीत अडकल्या आणि धागे तटातटा तुटले. मुकादम म्हणाला, "बाई, गावाकडं जा."

मी गेले न्हाय. शेजारच्या नरसव्वाजवळ बघत बसले. ती तेलुगू बाई बोटाला राख लावून जुन्या धाग्यात नवा पिळते, गाठच मारत न्हाय. मला म्हणाली, "तुमच्यात ह्याला काय म्हणतात?"

मी म्हटलं, "गुंफणं." आपल्यात फुलं गुंफतात, कुपाच्या काट्या गुंफतात. माझ्या लग्नात तू माझ्या आखूड केसात गंगावन असं गुंफलंस, की ते माझे केस न्हाईत हे सासूलाही कळलं न्हाय. तेच आठवून बोटं चालवली. आता धागे जोडायला मुकादम मलाच हाक मारतो.

तवा दादा, मला न्यायला येऊ नको. घरधनी वारले म्हणून मी काय कोपऱ्यात ठेवायचं गाठोडं न्हाय.

आई, तापानंतर तुझे केस लई गळाले म्हणं. खरं हाय का? दादाला यायचंच असलं तर तुला घेऊन येऊ दे. येताना ते गंगावन आण. ह्या खेपेला मी गुंफते.

तुझी, मागावर बसलेली
अंजिरा