तळं उलटलं त्या दिवसांत

प्रिय आई,

तुमचे गुडघे कसे आहेत, टल्सा शहरात लेकीकडे करमतंय का, हे सगळं पुढच्या पत्रात विचारते. आधी जे सांगायचंय ते सांगून टाकते, नाहीतर धीर जायचा. नाही, थांबा, आधी तळ्याचं सांगते. तुम्ही रागावून माझ्याशी बोलणंच टाकाल की काय, ही एकच भीती आहे मला. तुमचा कर्टिस गेल्यावर माझं म्हणावं असं माणूस तुम्हीच उरलात. तेव्हा पत्र पूर्ण वाचा, मधेच चष्मा काढून ठेवू नका.

तर यंदा तळं उशिरा उलटलं. सप्टेंबरभर उकडत होतं, मग एकाएकी उत्तरेचा वारा सुटला. वरचं पाणी गार होऊन खाली बसलं आणि तळाचं सडकं पाणी वर आलं. तोच नासक्या अंड्यांचा वास, तेच गढूळ पाणी, त्यावर तरंगणारा कुजका पाला. बास मासे बावचळून कुठल्या कुठे पांगले. तुमचा नियम गावात अजून पाळतात हो! तळं उलटलं की गळ गुंडाळायचे आणि घरची कामं काढायची. गळाच्या आमिषाच्या दुकानातल्या हॉइटनेसुद्धा एकदाची त्याची मोडकी पायरी दुरुस्त केली. माझ्या छपराच्या पन्हळीत मात्र पानं तशीच साचली आहेत.

कारण एमेट. तुम्ही त्याला ओळखत नाही. कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखातला माणूस. जन्मभर शाळेची बस चालवली, बायको वारली, आणि या वसंतात त्याने पलीकडच्या काठावरचं निळं घर घेतलं. उन्हाळ्यात धरणाजवळच्या खोल पाण्यात त्याला बास मिळाले होते, म्हणून ऑक्टोबरातही पठ्ठ्या तिथेच गळ टाकून बसलेला. अख्खं तळं मोकळं आणि मधोमध हा एकटा! हॉइटच्या दुकानात नुसता हशा. म्हणे, शेतकऱ्यांच्या गावचा आहे, पाणी नांगरतोय. मला कीव आली. होडी जवळ नेली आणि ओरडले, अहो, तळं उलटलंय, त्या पाण्यात प्राणवायू नाही, मासे तिथे थांबतील कशाला? तर हा टोपी काढून म्हणतो, असं होय! मी समजत होतो, माझ्याच अंगाला वास येतोय. आई, मी इतकी हसले की होडी हेलकावायला लागली. कर्टिस गेल्यापासून चार वर्षांत अशी हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी परत गेले. त्याला शिकवायला, अशी स्वतःची समजूत घातली. नंतर जाताना मक्याचा पाव भाजून नेला. आता तुम्ही म्हणाल, अगं, ओढा तळ्याला मिळतो तिथे पाणी वाहतं असतं, या दिवसांत बास तिथेच उथळात येतात, मीच नाही का तुला दाखवलं? दाखवलंत. एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला. पण मासा लागायला लागला की बासच्या मागे लागलेला माणूस तोंड उघडत नाही, हे तुमच्या लेकाबरोबर संसार करून मी पुरतं शिकलेय! म्हणून ओढ्याचं सांगितलंच नाही. त्या घाण वासात आम्ही दोघं बोलत राहिलो. तो त्याच्या रूथबद्दल, मी कर्टिसबद्दल. गावात कर्टिसचं नाव निघालं की लोक घाईने हवापाण्यावर येतात. हा मात्र विचारतो, मग? पुढे काय केलं त्याने?

शेवटी हॉइटने मला दुकानात सगळ्यांसमोर गाठलंच. तुमचं नाव घेऊन म्हणाला, जोलीन, तळं उलटलेलं असताना रोज पाण्यावर जाणाऱ्या बाईला मासे नको असतात, हे व्हर्नाच्या सुनेला मी सांगायचं का? मी कानापर्यंत लाल. दुसऱ्या दिवशी एमेटला सरळ ओढ्याच्या तोंडाशी नेलं. पहिल्याच फेकीत हा एवढा बास! गडी उडालाच, होडी पालथी घालत होता. मग त्याने मासा पाण्यात सोडला, ओला हात विजारीला पुसला आणि मला विचारलं. मी म्हटलं, हो. पण आधी आईंना कळवू दे.

तर कळवलं. लग्न नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी, आपल्याच चर्चमध्ये, मोजकी माणसं. पण नुसतं कळवायला एवढं लिहिलं नाही, मला काही मागायचंय. माझी आई मी लहान असतानाच गेली. कर्टिसशी लग्न झालं तेव्हा चर्चमधला मुलीकडचा पहिला बाक, मुलीच्या आईचा, रिकामाच होता. तुम्ही पलीकडच्या बाकावर होतात, मुलाची आई म्हणून. आई, या वेळी मुलीकडच्या बाकावर बसाल?

तुमचीच,
जोलीन