‘खटपट’च्या कुलपांची सोय

मी, खाली सही करणारी, निवृत्त गणित शिक्षिका, वय बहात्तर, पूर्ण शुद्धीवर आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण उत्तर ताडून पाहायची माझी जुनी सवय, म्हणून हे मृत्युपत्र. यात कोणाची जबरदस्ती नाही. धाकट्या दिरांची लुडबुड आहे, ती वेगळी.

१. राहते घर व बँकेतली ठेव मुलीला. भिंतींचा रंग तिने खुशाल बदलावा. तो मलाही कधी आवडला नाही.

२. जावयांना प्रिंटर. माझ्या संगणकाला ते ‘डबा’ म्हणाले होते. डबा म्हणजे काय, ते त्यांना आता कळेल.

३. दिरांनी व मी हौसेने बनवलेली संगणकप्रणाली, ‘खटपट’. सगळा कारभार पाहणारा गाभा दिरांचा, वरच्या प्रोग्रामना लागणाऱ्या तयार आज्ञांचा संच, म्हणजे लायब्ररी, माझी. एका प्रोग्राममध्ये अनेक कामे एकदम चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. दोन थ्रेडनी एकाच जागी हात घालू नये म्हणून मी कुलूप लिहिले. एकाने ते लावले की दुसऱ्याने झोपायचे. उघडले की गाभ्याने त्याला उठवायचे. पण एखादा थ्रेड झोपला की उठेचना.

दीर म्हणाले, “वहिनी, तुमचं कुलूप कच्चं आहे.”

मी म्हणाले, “भाऊजी, तुमचा गाभा बहिरा आहे.”

एवढ्यावरून आमचे बोलणे बंद झाले. यजमान इकडचे निरोप तिकडे नेत. ते गेल्यानंतर दीर आपला संगणक काखेत मारून आले. “निरोप सांगायला आता दादा नाही,” म्हणाले. “समोरासमोरच भांडू या.”

भांडता भांडता दोष सापडला. कुलूप लागलेले पाहून थ्रेड झोपायला निघायचा. तेवढ्यात कुलूप उघडून ‘ऊठ’ अशी हाक होऊन जायची, आणि हा नंतर झोपायचा. आता गाभा झोपवण्याच्या क्षणी कुलूप अजून लागलेले आहे का ते पाहतो, आणि उठलेला थ्रेड माझ्या लायब्ररीत पुन्हा तपासून मगच पुढे जातो. चूक निम्मी-निम्मी. दीर म्हणतात, माझी जास्त. हे मला मान्य नाही, अशी येथे नोंद करते.

४. सबब कुलपांसह सगळी लायब्ररी दिरांना. अट एकच: एकाच थ्रेडला तेच कुलूप न उघडता दोनदा लावता येईल अशी सोय त्यांनी करू नये. आपणच लावलेले कुलूप ज्याला आठवत नाही, त्याने अडकावे. अट मोडल्यास लायब्ररी मुलीकडे जाईल. ती जागा मोकळी करण्यासाठी काहीही पुसते, हे दीर ओळखून आहेत.

५. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. साक्षीदार म्हणून सही करायला बसलेल्या दिरांनी पेन खाली ठेवले. “मग लायब्ररी तुमच्यापाशीच राहू दे, वहिनी. उद्या कुलूप अडकलं, तर मी भांडू कोणाशी?”

 सबब, शस्त्रक्रियेनंतर घरी येण्याचा मी मनापासून प्रयत्न करीन, हेही येथे लिहून देत आहे.

सही: (स्वहस्ते)

आमच्यादेखत, हसत सही केली:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई (सही)

स्थळ: माझी खोली, संगणकाशेजारी
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार