चार नंबरपासून सुरुवात

४ जून
बास्केटबॉलची पालकसभा. दातांच्या डॉक्टरने सगळ्यांदेखत विचारलं, त्याच्या मुलीला मी मॅचमध्ये का उतरवत नाही. कोच मी की तो? मी कधी त्याच्या दवाखान्यात जाऊन दाढा उपटल्या? तरी शांत राहिलो. जाहीर करून टाकलं, यापुढे सगळ्या मुलींना सारखा वेळ. बोललो म्हणजे बोललो.

५ जून, सकाळी
पद्धत सापडली. जर्सीच्या नंबरप्रमाणे पाळी, चार ते पंधरा. आधी पहिल्या पाचजणी, मग पुढच्या पाच, मग उरलेल्या. माझी मुलगी चार नंबर, हा निव्वळ योगायोग. डॉक्टरची मुलगी, ती एवढीशी चिमणी, पंधरा, तोही योगायोगच. जर्सी मीच वाटल्या होत्या, पण डोळे मिटून. जवळजवळ मिटून.

८ जून
मॅच. पद्धत झकास चालली. तेरा नंबरपर्यंत आलो आणि वेळ संपला. वेळ काय माझ्या खिशात असतो? डॉक्टरचा चेहरा बघण्यासारखा.

१५ जून
मॅच. शिस्त म्हणून पुन्हा चारपासून सुरुवात. पुन्हा तेरापाशी शिट्टी. बायको म्हणते, मागच्या वेळी थांबलो तिथून पुढे चालू करावं. बाहेर बसून अक्कल शिकवायला सगळेच हुशार.
लेकीने सोपा बास्केट घालवला. जरा आवाज चढवला, तिच्याच भल्यासाठी. घरी येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. मनात चुका तपासत असणार.

२२ जून
कट. सरळसरळ कट. नेहमीप्रमाणे चार नंबरपासून हाका मारल्या आणि चारची जर्सी घालून उतरली कोण, तर चिमणी. जर्सी गुडघ्यापर्यंत. माझी मुलगी पंधरा नंबर घालून बाकावर खिदळतेय. नियम माझाच, समोर डॉक्टर हाताची घडी घालून उभा. खेळू द्यावं लागलं. चिमणीने एक बास्केटसुद्धा केला. माझा जळफळाट झाला.

२३ जून
डॉक्टरनेच फूस लावली, दुसरं कोण? लेकीला खडसावून विचारलं. म्हणाली, पंधराची जर्सी तिनेच चिमणीकडून मागून घेतली. पंधरा नंबरकडे बाबा बघतच नाहीत, तिथे बरं वाटतं.
बायको कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

२४ जून
डोकं लढवलं. पुढच्या मॅचला उलट, पंधरापासून सुरुवात. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, चालेल, मग ती चार नंबर परत घेईल.