सव्वा मूठ गहू

आबा, हे पत्र मला धुळ्याच्या एका रिक्षावाल्याने लिहायला लावलं. गेल्या रविवारी त्याने सगळ्यांसमोर मला एक प्रश्न विचारला आणि उत्तर देताना मला तुमच्याआड लपता आलं नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे, जळगावात एकटी राहते आणि दारू पिते. हे वाक्य लिहायला तीन कागद फुकट गेले.

तुमचे जावई गेल्यावर त्यांची उरलेली ब्रँडी मी झोपेसाठी घेऊ लागले. ती संपल्यावर दुसरी आणली. जळगावात अर्धी आळी माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून एसटीने धुळ्याला जायचे, या वयात तोंडाला स्कार्फ बांधून. तिथे स्टँडजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: दारू सोडू इच्छिणाऱ्यांची बैठक, दर रविवारी सकाळी अकरा वाजता, आणि एका शाळेचा पत्ता. दोन महिने मी तो कागद वाचून पुढे दुकानात जात होते. एका रविवारी मतमोजणीमुळे दुकानं बंद निघाली. जळगावची गाडी सुटायला दोन तास होते, म्हणून गेले.

शाळेच्या मागच्या खोलीत लहान मुलांचे बाक, फळ्यावर शनिवारचे पाढे. नऊ पुरुष आणि दवाखान्यात नोकरी करणारी एक बाई. जो तो उठतो, नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि मग बोलतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "माझे वडील प्यायचे." बाईने चहा दिला. चार रविवार मी तुम्हाला असंच सोबत नेलं, आबा. तुमची अमळनेरची तेल मिल सांगितली, पगाराच्या दिवशी आईचं मिलच्या फाटकाशी उभं राहणं सांगितलं. बैठक वेळेवर सुरू करा, असंही त्यांना सुनावलं. पाचव्या रविवारी मूळचा शिंदखेड्याकडचा तो रिक्षावाला, बारा वर्षं न पिता राहिलेला, हात वर करून म्हणाला, "अक्का, तुमना आबा मरीसन कितला वरीस व्हयनात?"

"तीस."

"मंग त्यास्नी तं तीस वरीस पहिलेच सोडी दिन्ही! आते तुम्ही कोनासाठे येतस?"

सगळे हसले. मला असा संताप आला, की पर्स उचलली. पर्समध्ये बैठकीआधी विकत घेतलेली दारूची क्वार्टर होती, ती बाकाला लागून वाजली. मी खाली बसले आणि म्हणाले, "माझ्यासाठी." ती बाई म्हणाली, ज्याचं आपण वाईट केलं असेल त्याला सांगावं. माणूस नसेल तर कागदावर. मला एकच दिवस आठवला.

त्या वर्षीचा श्रावण आहे, कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायचे आहेत. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू सुपात पडायचे, आणि ज्याची मूठ नाही त्याने रोट खायचा नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आदल्या संध्याकाळी तुम्हाला दोघांनी धरून आणलेलं. मी आईचा हात धरला. "जो शुद्धीत नसतो, त्याची मूठ घ्यायची नाही." आई म्हणाली, "घरना मानूस शे, मूठ ते लेनीच पडी." मी ऐकलं नाही. शिकलेली मुलगी, आईने हात मागे घेतला. तुम्ही आंघोळ करून, टोपी हातात घेऊन मागच्या दाराशी आलात आणि विचारलंत, "मनी मूठ लिन्ही का?" मी नाही म्हणाले. तुम्ही सुपाकडे जरा वेळ पाहिलंत. "बरं करं, बेटा." त्यानंतर दर श्रावणात कानबाईच्या दिवसांत तुम्ही मिलमध्ये जोडपाळी मागून घेत होतात. मी तेव्हा ते तुमचं कामाचं वेड समजले.

आई गेल्यापासून ते गहू मी मोजते. भावाच्या घरी जाते, कडक सोवळं पाळते, सुनांना धाकात ठेवते. गेल्या तीन श्रावणांत आदल्या दिवशीची दारू अंगात घेऊनच मी सुपात हात घातला आहे. माझ्याच नियमाने तो हात तिथे चालत नव्हता आणि तो धरायला घरात कोणी बी.ए. झालेलं नव्हतं.

काल अमळनेरला गेले. भावजयीने सूप पुढे केलं. मी ते तिच्याकडे परत सरकवलं आणि म्हणाले, यापुढे तू मोज. ती घाबरली. "अक्का, तब्येत बरी शे ना?" मी म्हणाले, गुडघे दुखतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत, आबा. धुळ्याच्या खोलीत जे बोलता आलं, ते आपल्या स्वयंपाकघरात नाही आलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरी काय कोणाला दिलं, ते लिहून ठेवते.

रविवारी, धुळे स्टँडवर, रिक्षावाल्याच्या हाती: एक क्वार्टर, सील शाबूत.

काल, अमळनेरला, भावजयीच्या हाती: गव्हाचं सूप. खरं कारण द्यायचं राहिलं आहे.