सव्वीस विमानांचा आवाज

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद,

विमानतळाच्या मनोऱ्याचे जिने चढून गुडघे धरतात म्हणतोस, तर आधी पोट कमी कर.

इकडे केंद्र सरकारच्या विमान प्रशिक्षण केंद्रात नवी तुकडी आली आणि गावात जीव आला. दोन हजार माणसं तिथे कामाला. उरलेलं गाव त्यांच्या शर्टांना इस्त्री करतं, खोल्या भाड्याने देतं. त्या केंद्राच्या जिवावर सगळ्यांच्या चुली पेटतात.

माझंही तेच. तुझ्यासारखे विमान-वाहतूक नियंत्रक व्हायला आलेली मुलं खोट्या रडारच्या पडद्यापुढे बसतात आणि मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मी वैमानिकांच्या जागी बोलत त्यांची विमानं होते. एकटी सव्वीस! त्यांनी सांगितलेली उंची शब्दशः परत म्हणायची आणि विमान तिकडे न्यायचं. चूक दिसली तरी सुधारायची नाही. मी आपली सावकाश म्हणते, म्हणजे ऐकता ऐकता पोरांना स्वतःची चूक कळते. नियमात बसतं, कोणी बोट दाखवत नाही.

वरच्या खोलीत यंदा एक मुलगी राहते. अखंड बडबड, म्हणून मी तिला रेडिओ म्हणते. हे गेल्यापासून घरात भांडं पडलं तरच आवाज व्हायचा. आता ती रोज खाली जेवायला येते. पंधरवड्याने तिची परीक्षा. पास झाली की नेमणुकीवर जाईल. नापास झाली तर आणखी तीन महिने इथेच. मेलं काय काय मनात येतं माझ्या!

आठवण असू दे.
तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोटाबद्दलचा हुकूम शिरसावंद्य, अंमलबजावणी सोमवारपासून. तुला गप्प बसवणारी कोणी भेटली, हेच नवल!

तुझं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. त्यावर काही लिहीत नाही. एवढंच सांगतो, माझ्या परीक्षेत मीही उंची चुकवली होती. मागचा आवाज इतका रेंगाळला की मला चूक सापडली. ते कोण होतं, मला कधीच कळलं नाही.

कृपा आहेच, ती वाढावी.
धाकटा

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद,

रेडिओ नापास झाली. तिने दोन विमानांना एकच उंची दिली. मी ती परत म्हटली, अगदी शब्दशः. पण भराभर म्हटली रे. परीक्षा घेणाऱ्या मास्तरांनी तर काम चोख म्हणून मला शाबासकी दिली.

पोर रडत आली आणि माझ्याच मांडीवर डोकं ठेवलं. मी थोपटत होते आणि खरं सांगते, आतून बरं वाटत होतं. तुझं पत्र त्याच दिवशी आलं. आता मला माझीच लाज वाटते. काय करू, सांग.

ताई

१ मार्च

ती. ताईस सा. न.

तुला रागवायला मी लहान आहे. पण तिला सांग. सगळी चूक आपलीच असं धरून बसली, तर ती कायमची कचरेल. उद्या तिच्या पडद्यावर खरी माणसं असतील. बोलणं टाकेल कदाचित, टाकू दे. मी आहे ना.

धाकटा

२ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद,

सांगितलं. तिने बोलणंच टाकलं. तुकडी भरलेली, गावात दुसरी खोली मिळेना, म्हणून राहिली वरच. पण कँटीनमध्ये जेवू लागली. तीन महिने नुसती डोक्यावर पावलं वाजायची. तेवढीही पुरायची मला.

तिच्या फेरपरीक्षेला मला मागच्या खोलीत बसवू नका असा मी अर्ज दिला. मास्तर म्हणाले, त्या मुलीनेच तुम्हांला मागितलंय. का, ते मला आजही ठाऊक नाही.

काल परीक्षा झाली. एकही चूक नाही, पहिली आली कार्टी! आज सकाळी सामान घेऊन गेली. मी कामावर होते.

पण कालचं सांगायचं राहिलं. तीन महिन्यांनी ती माझ्याशी बोलत होती, सव्वीस विमानांशी का होईना. शेवटच्या विमानाला तिने पुढच्या नियंत्रण केंद्राशी बोलायला सांगितलं आणि पुस्तकात नसलेलं एक वाक्य जोडलं, की तब्येतीला जपा, वेळेवर जेवत जा.

ऐकलं ते परत म्हणायचं, हा नियम. मला आवाज फुटेना. मास्तरांनी वहीत माझ्या नावापुढे लाल खूण केली, बावीस वर्षांतली पहिली: विमानाने उत्तर दिलं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई