मोनिकाचा खारा मासा

१२ जानेवारी
माझ्या भारतनं आज पुन्हा लेकीचा फोन कापला. त्याच्या पोटची पोर मोनिका, पहिलटकरीण, पार पोर्तुगालहून बोलती — अन् हा माळकरी झाल्यापासून तिच्या ताटात डोकावतो! तिला रक्त कमी हाय. तिथली डॉक्टरीण म्हणली, मासे खा, अंडी खा. तर हा म्हणला, "मासे खाणारीनं मला बाप म्हणू न्हाई."
लहानपणी सुकटीची चटणी बोटं चाटून कोण खात होतं? मला ठावं हाय, त्याची माय हाय ना.

१३ जानेवारी
मंग नात मलाच फोन लावती. त्या माशाचं नाव बाकल्याव. खारवून वाळवलेला, फळीसारखा कडक. बटाटे, हरभरे, अंडं घालून उकडतात, वरून तेल. त्यातलं प्रोटीन मटणाला हार जात न्हाई म्हणं. तिच्या शेजारची म्हातारी तिला सांगती — दोन दिवस भिजव, पाणी बदलत ऱ्हाय. मी म्हणलं, त्या पाण्यात सगळी चव जाईल. सुकटीवानी तव्यावर भाज अन् भाकरीसंगं खा.

१९ जानेवारी
माझं ऐकून पोरीनं मासा न भिजवताच भाजून खाल्ला. पाय सुजले तिचे. बीपी वाढलं. आपली सुकट नुसती उन्हात वाळवतात; तो मासा मिठात पुरलेला! माझ्या अकलेला आग लागली. डॉक्टरीण म्हणती, मासा खा, पण मीठ काढून.
भारतला सांगितलं. "भोग म्हणावं आता," म्हणला अन् पोटभर जेवला.

२२ जानेवारी
आता ती मासाच खाईना. अंडंबी न्हाई. नुसता भात. नातजावई सुग्रीव फोनवर काकुळतीला आला. मी तिला दटावलं, तर म्हणती, "पप्पा खा म्हणले तरच खाईन, आज्जी." व्हिडिओत दिसत होतं, पोट एवढं पुढं, तोंड सुकून गेलेलं.
भारतला म्हणलं, माळ तुझ्या गळ्यात हाय, तिच्या न्हाई. उठून गेला.

२३ जानेवारी
सून म्हणती देवावर सोडा. ह्या घरात सगळं देवावर सोडतात, सोताचं ताट सोडून.

२६ जानेवारी
बदनापूरच्या बाजारात मालनबाई सुकटवाली म्हणली, "तुमचा भारत आल्ता. नाकाला रुमाल लावून लांबच उभा. भिजवून मीठ काढल्यावर माशातली ताकद जाती का, इचारत होता. मी म्हणलं, मीठ जातं, ताकद ऱ्हाती."
फोन त्याच्या पुढ्यात ठेवलाय. वाजला तर सुनेनं हात लावायचा न्हाई, मी लावणार न्हाई. भारतनंच उचलायचा.